विजू, कवळी तू हरवली नव्हतीस

ये विजू, अशी इकडे ये. जवळ बस जरा. लांबून ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नाही ही, आणि माझा आवाज एकदा चढला की खालच्या वाण्यापर्यंत जातो, हे तूच सगळ्यांना सांगत फिरायचीस.

आधी रागावून घेते, मग बाकीचं. अशी कुणी जातं का गं? मंगळवारी फोनवर म्हणालीस, उद्या नाही जमणार, पुढच्या बुधवारी बघू. त्या 'बघू'वर विसंबून मी गप्प राहिले. मनात म्हटलं, आठ दिवस आहेत, तेव्हा सांगू. आणि शुक्रवारी तुझ्या लेकीचा, मनीषाचा फोन आला. कसं झालं, काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी ते उगाळत बसत नाही. पण तुझं माझं भांडण अर्ध्यावर, तुझी वही माझ्या शिलाईच्या कपाटात, आणि तू आपली चप्पल घालून निघालीस. गाण्यातसुद्धा तू अशीच, समेच्या आधीच उठायचीस.

तुझ्या तेराव्याला पंगत उठल्यावर तुझ्या लेकीने मला आतल्या खोलीत नेलं. म्हणाली, येत्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आईचा तो दातांच्या गाण्यांचा कार्यक्रम करूया, गेल्या वर्षी राहून गेलेला. आणि शैलामावशी, सुरुवातीला तुम्ही दोन शब्द लिहून वाचा. मी हो म्हटलं. मग म्हणाली, आईची स्मृती चालली होती तेही लिहा, झाकू नका, घरोघरी असतं, बोललं पाहिजे. मी त्यालाही मान हलवली. मग ती पलंगावर बसली आणि एकदम बारीक आवाजात सांगायला लागली. मागच्या आठवड्यात तिचा लॅपटॉप रिक्षात राहिला. रिक्षावाल्याने आणून दिला, पण ही खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून अर्धा तास रडली.

"मावशी, हे आईकडून मुलीकडे येतं म्हणतात. माझंही सुरू झालं असेल का?"

विजू, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.  तेरा महिने तुझ्यासमोर गप्प बसले, त्या दिवशी तिच्यासमोर बसले. घरी येऊन मशीनवर बसले तर सुई तीनदा बोटात गेली. म्हणून आता लिहायला घेतलंय. तुला विसरायला होत नव्हतं. तुझी कवळी तू हरवली नव्हतीस. ती मी टाकली.

थांब, उठू नकोस. पहिल्यापासून सांगते, कारण उद्या हॉलमध्ये नवीन मुलीही असतील, त्यांना काय माहीत.

आपलं बुधवारचं मंडळ. दुपारी चारला चौदा बायका, एक पेटी, एक ढोलकी आणि फोनवरचा ट्रॅक. नियम एकच. महिन्याला एक विषय, आणि जी विषय काढेल तिने वही ठेवायची, पहिलं गाणं तिचं आणि शेवटचंही तिचंच. कुणी चंद्र घेतला, कुणी झोपाळा, कुणी सासर. तू दात घेतलेस. सगळ्या हसल्या. सुषमाने लगेच कार्यक्रमाला 'दंतकथा' नाव सुचवलं, तर तू म्हणालीस, ते नाव स्टेशनपासून घरापर्यंत तीन दवाखान्यांच्या पाट्यांवर आहे, काहीतरी दुसरं सुचव.

मला वाटलं, दातांवर गाणी असून असून किती असणार. आणि तू महिनाभरात वही भरलीस. जात्यावरच्या ओवीतली सून, जिचे दात म्हणजे डाळिंबाचे दाणे. नाटकातल्या पदांमधली नायिका, तिच्या तोंडात कुंदाच्या कळ्या. लावणीत रंगलेला विडा आणि काळं दातवण लावलेले दात, तेव्हा म्हणे पांढरे दात फारसे भावत नसत. मग काळ्यापांढऱ्या सिनेमातल्या मुली, पदराचं टोक दातात धरून अर्धं गाणं गाणाऱ्या. रेडिओवर दोन गाण्यांच्या मधे दंतमंजनाच्या जाहिराती लागायच्या, त्यांच्या चाली आपल्याला गाण्यांपेक्षा पाठ. तू त्याही लिहिल्यास, म्हणालीस, लोकांनी गुणगुणलं ते गाणंच. कळव्याच्या भारतीने त्यांच्या आगरी हळदीतलं एक सांगितलं, नवरदेवाच्या फटीच्या दातांतून शेजारच्या गावची वाट दिसते असं काहीतरी, आणि आपण हसून हसून आडव्या. पडलेला दात कौलावर टाकायचा, ते लहान मुलांचं गाणं. आणि सगळ्यात शेवटी तुझ्या नातीने, ईराने, फोनवर दाखवलेला तो रॅप गाणारा, दातांवर सोन्याची टोपणं चढवलेला. मी तोंड वाकडं केलं. तू मात्र खूश. म्हणालीस, बरीच वर्षं गाण्यात नुसते डोळे आणि कंबर चालली होती, हे बघ, दात परत आले.

आपलं भांडण तिथूनच. मी म्हटलं, गाण्यातले दात म्हणजे दागिना, बाकी काही नाही. तू म्हणालीस, दागिना कसला, ते वाद्य आहे. आणि तिथल्या तिथे वरची कवळी काढून मला 'दारी दिवा लाविते' असलं काहीतरी म्हणून दाखवलंस. सगळे द आणि त हवेत विरघळले. तरीही सुरात होतं बाई. मग कवळी लावून म्हणालीस, शैला, बघ, ही सगळी गाणी विशीतल्या दातांची आहेत. चाळिशीनंतर बाईचे दात गाण्यातून जातात ते जातातच. म्हातारा असला तर निदान कवळीवरून विनोदी गाणं तरी होतं. म्हातारीला तेही नाही.

म्हणून तू स्वतः ओवी केलीस. ती इथे लिहितेच, नाहीतर वहीत राहील.

दात गेले गं गावाला, ओठ बसले दारात
जीभ एकली फिरते, रिकाम्या गं घरात

कार्यक्रमात पहिलं गाणं कवळी लावून म्हणायचं आणि शेवटी ही ओवी, कवळी काढून, सगळ्यांसमोर. असं तुझं ठरलेलं. मला नाही पटलं. मी म्हटलं, लोक हसतील, तुझी शोभा होईल. तू म्हणालीस, हसू देत, मग थांबतील. आठ दिवस आपलं त्यावरून वाजत होतं. मी तर म्हटलं, तू कवळी काढलीस तर मी ढोलकी उचलून घरी जाईन. तेव्हा मला काय माहीत.

कार्यक्रम संक्रांतीच्या हळदीकुंकवाला धरून सुषमाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी ठेवलेला. आपल्या मंडळात कुंकू सगळ्यांना लागतं, नवरा असो नसो, हा नियमही तुझाच. तिळाच्या वड्या माझ्याकडे. त्या वर्षी पाक पुढे गेला. वड्या दगडासारख्या झाल्या, मला कळत होतं, पण चौदा जणींना कसं सांगणार, वीस वर्षं वड्या माझ्याच हातच्या असतात. मी टेचात कागदी ताटल्या भरल्या आणि कोण खातंय, कोण ठेवतंय, यावर डोळा ठेवून बसले.

तुझ्या कवळीला वडी चिकटली असणार. तू तोंड फिरवून ती काढलीस, कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळलीस, ताटलीच्या कडेला ठेवलीस. हे मी पाहिलं नाही, नंतर जुळवलं. धुवायला जाणार, तेवढ्यात सुषमाने पेटीपाशी हाक मारली. तू गेलीस. आणि मी उठले ताटल्या गोळा करायला. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण खरकटं समोर दिसलं की मला बसवत नाही. तुझी ताटली उचलली तर नॅपकिनमध्ये काहीतरी कडक हाताला लागलं. मला वाटलं वडी. हिने माझी वडी टाकली, तीसुद्धा लपवून. इतकी चिडले मी विजू. आणि चिडले तरी आधी विचार काय केला, तर ही दुसऱ्या कुणाला दिसायला नको. म्हणून ती पुडी मी कचऱ्याच्या पिशवीच्या तळाशी दाबली, वर ताटल्या टाकल्या, गाठ मारली आणि पिशवी जिन्यात ठेवली.

दहा मिनिटांनी तू तोंडावर पदर धरून सतरंजी उचलत होतीस. सगळ्या वाकून शोधत होत्या.  पाणी आणते म्हणून मी जिन्यात गेले तर पिशवी नाही. लता झाडूवाली घेऊन गेलेली. तीन मजले उतरून फाटकाशी पोचले तर घंटागाडी कोपऱ्यावरून वळत होती. मी हाक मारली. जो आवाज वाण्यापर्यंत जातो तो कोपऱ्यापर्यंत गेला नाही.

वर आले तर तू माझ्याकडे बघितलंस.

"शैला, तू पाहिलीस का गं? मी इथेच ठेवली होती ना?"

तेव्हा 'हो' म्हणायला काय लागलं असतं? चौदा जणी बघत होत्या. मी सांगितलं असतं तर का टाकलीस, वडी का वाटली, सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "आठव नीट. होतं गं असं, वय झालं आपलं."

हे माझे शब्द, विजू. हेच. बाकी सगळं चुकून झालं, हे चुकून नाही.

तू त्या दिवशी गायली नाहीस. मी कसंबसं म्हटलं, ओवी तरी म्हण, ती कवळीशिवायच म्हणायची होती ना. तू पदराआडून म्हणालीस, काढून ठेवणं वेगळं आणि हरवणं वेगळं. घरी गेलीस. रात्री सांगेन असं ठरवलं. मग सकाळी. मग म्हटलं, नवी कवळी होऊ दे, तू हसलीस की हसता हसता सांगेन.

पण तू हसायचंच बंद केलंस. दारावर चिठ्ठ्या आल्या, गॅस बघ, किल्ली घे, गोळी घेतली का. भाजीला निघालीस की कोपऱ्यावरून परत यायचीस कुलूप ओढून बघायला. बुधवारी येईनाशी झालीस, म्हणालीस, मधेच शब्द विसरले तर सगळ्यांची पंचाईत. मनीषाने डॉक्टरला दाखवलं, त्याने घड्याळ काढायला लावलं, दहा शब्द लक्षात ठेवायला लावले, आणि म्हणाला, वयाच्या मानाने उत्तम आहे. तू बाहेर येऊन मला सांगितलंस, डॉक्टर चांगला माणूस आहे, खोटं बोलतो.

नव्या कवळीचं माप द्यायला मीच घेऊन गेले तुला. पाप फेडायला, दुसरं काय. तिथल्या डॉक्टरीणबाईने तुझ्या तोंडात तो मापाचा गुलाबी लगदा दाबला आणि म्हणाली, तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. ती आत गेली. मला वाटलं, हीच वेळ आहे. हिला ओरडता येणार नाही, पळता येणार नाही. मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, विजू, एक सांगायचंय. तू डोळे माझ्याकडे फिरवलेस आणि माझं मनगट असं धरलंस की अजून आठवलं तरी दुखतं. तुझ्या डोळ्यांत काय होतं ते मला कळलं. तुला वाटलं, मनीषाने मला तुझ्या आजाराचं काहीतरी सांगितलंय, जे तुझ्यापासून लपवलंय, आणि ते मी आता सांगणार. तू मानेनेच 'नको' म्हणत होतीस. मी म्हटलं, लाळ गळतेय, पुसते थांब. आणि पुसली.

दिवाळीच्या आधी तू सरळच विचारलंस. माझ्याकडे ब्लाउज टाकायला आली होतीस. त्या दिवशी ताटल्या तूच उचलल्यास ना, नॅपकिनमध्ये काही होतं का? म्हणजे तुला सगळं लख्ख आठवत होतं गं. ताटली, नॅपकिन, मी. मी टेप गळ्यात घालून म्हणाले, असतं तर मी बघितलं नसतं का. तू म्हणालीस, हो, तू बघितलं असतंस, तू बघतेसच. स्वतःच्या डोक्यापेक्षा माझ्या डोळ्यांवर तू विश्वास ठेवलास.

आणि तो ठेवावास अशी मी कोण होते? खडवलीहून आलेली सातवी पास सून. वाचनालयाची पावती तू माझ्या हातात ठेवलीस. माझी पहिली वही तपासलीस आणि समासात लिहिलंस, अक्षर कोंबडीचं, मजकूर माणसाचा. आज हे जे चार शब्द मांडतेय ते त्यानंतर एकटीने गिरवून गिरवून आलेत, पण सुरुवात त्या टोमण्याची. माझा नवरा गेला तेव्हा तू तीन दिवस माझ्याकडे राहिलीस आणि एकदाही 'रडू नको' म्हणाली नाहीस. तुझे उपकार मोजायला बसले तर मला माझं तोंड आणखीच बघवत नाही.

परवा मी मनीषाकडे गेले. ठाण्याहून घोडबंदर रोडची बस घेतली, ती नेहमीसारखी अडकली. बाकीचे लोक वैतागत होते, मी मनात म्हणत होते, अशीच अडकू दे. बाविसावा मजला. ईरा क्लासला गेलेली. मनीषाने चहा टाकला. मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर न सांगताच उठले असते. वडी, नॅपकिन, पिशवी, घंटागाडी. ती माझ्याकडे पाठ करून होती. चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, फडकं घेतलं, ओटा पुसला, पुन्हा पुसला.

"आईने तुम्हाला विचारलं होतं?"

"दोनदा."

"आणि?"

"पहिल्यांदा म्हटलं, आठव नीट. दुसऱ्यांदा म्हटलं, मी बघितलं असतं."

तिने फडकं नळाखाली पिळलं. मग म्हणाली, आई माझ्याकडे राहायला का येत नव्हती माहितीये? म्हणायची, नव्या घरात मी हरवेन. मी दोन वेळा तिच्यावर ओरडले, नाटकं करू नकोस म्हणून. मावशी, ते ओरडणं मी आता कुठे ठेवू?  ती म्हणाली, तुम्ही जा आता. चहा न घेता मी निघाले. लिफ्टपर्यंत ती आली नाही. तुझी लेक कधी मला लिफ्टपर्यंत सोडायची राहिली नव्हती.

काल दिवसभर फोन नाही. मला वाटलं, कार्यक्रम रद्द झाला, मंडळही गेलं, बरंच झालं, माझ्या लायकीचं झालं. आज सकाळी वाजला. आवाज कोरडा. विचारलं, उद्या तुम्ही वाचणार आहात ना? मी म्हटलं, तू म्हणशील तर नाही वाचत, सुषमा वाचेल दुसरं काहीतरी, चांगलंसं. तर म्हणाली, "नाही. तुम्हीच वाचायचं. मला सांगितलंत ते सगळं, चौदा जणींसमोर. आई विसरत नव्हती, हे ज्यांनी ज्यांनी तिच्याकडे दयेने बघितलं त्यांना कळलं पाहिजे. मी समोर बसणार आहे."

मी बरं म्हटलं. मला वाटलं ठेवला फोन. तर ती म्हणाली, काल रात्री बऱ्याच महिन्यांनी झोप लागली. आणि मग ठेवला. माफ केलं असं काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. ते तिने द्यायचं की नाही ते तिचं ती बघेल.

तर विजू, उद्या पाच वाजता मी हा कागद घेऊन उभी राहणार. सुषमा बघेल, भारती बघेल, ज्यांच्या ताटल्या मी वीस वर्षं उचलल्या त्या सगळ्या बघतील. कदाचित यापुढे वड्या मला कुणी सांगणार नाही, ढोलकीही दुसरी कुणी घेईल.  पण वाचीन. एक शब्द गाळणार नाही, आवाज पडू देणार नाही, मागच्या रांगेपर्यंत पोचवीन.

आणि तुझ्याकडे मी माफी मागत नाही. समोर नसलेल्या माणसाकडे माफी मागणं फार सोपं, ते मला नको. तुझा हक्काचा राग तू काढलाच नाहीस, तो काढायला ये. टोमणे मार, अक्षर कोंबडीचं म्हण, काय हवं ते म्हण, मी मधे बोलणार नाही. कवळी लावून ये नाहीतर न लावता ये, मला तुझं सगळं समजतं. दुपारची ये, स्वप्नात ये, मशीन मी बंद ठेवीन. फक्त पुढच्या बुधवारी बघू असं म्हणू नकोस गं. लवकर ये.